डेसची गाडी आणि तिचे कोरे टायर

"माझ्या हातात हँडल असताना मागचं माणूस आजवर कधी पडलेलं नाही!" क्लाइव्हने सगळ्यांना बजावून सांगितलं.

त्याचा जिवलग दोस्त डेस वारला होता. क्वीन्सटाऊनच्या त्यांच्या क्लबची रीत अशी, की गेलेल्या गड्याची मोटारसायकल शववाहिकेच्या पुढे चालायची. डेसची गाडी तेरा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. चालवणार क्लाइव्ह, आणि मागे बसणार डेसची म्हातारी बायको नोरीन.

"तिला त्या टायरांवर बसवू नकोस," क्लाइव्हची बायको ग्लेनिस म्हणाली. "डेस गेलाच आहे, आता तिलाही पोचवतोस का?"

"अगं, नक्षी बघ! नांगरलेल्या सरीसारखी खोल. नवेकोरे आहेत!"

"नख लावून बघ. रुततंय? रबराचं लाकूड झालंय. आणि बाजूला भेगा, तुझ्या टाचांसारख्या!"

"त्याच टाचांवर सत्तर वर्षं चालतोय मी!"

निघाले. भुरभुर पाऊस, हाडं गोठवणारी थंडी. सरळ रस्त्यावर गाडी गुणी गाईसारखी चालली. दफनभूमीच्या वळणावर क्लाइव्हने ती जराशी कलवली मात्र, साबणावर पाय पडावा तशी ती खालून निसटली! नोरीन झुडपात उडाली. क्लाइव्ह गाडीखाली गेला आणि त्याच्या मांडीचं हाड वाळक्या काटकीसारखं वाजलं.

मागचे स्वार वळण घेऊन आले, तेव्हा त्यांना एवढंच दिसलं: क्लाइव्ह मित्राच्या गाडीला बिलगून रडतोय. त्यांनी इंजिनं बंद केली, हेल्मेटं काढली, माना खाली घातल्या.

"उचला रे, गाढवांनो!" क्लाइव्ह विव्हळला.

"शू! रडू दे त्याला," कुणीतरी पुटपुटलं. "फार जीव होता दोघांचा."

शेवटी ग्लेनिसच धावत आली. "मुडद्यांनो, पाय मोडलाय त्याचा!"

ॲम्ब्युलन्स डोंगरापलीकडे गेलेली. आडवं झोपवता येईल अशी गाडी एकच होती, ती डेसची शववाहिका. मग डेसला पेटीसकट दफनभूमीच्या फाटकाशी झाडाखाली उतरवून ठेवलं. त्याला काही घाई नव्हती. क्लाइव्हला त्याच्या जागी निजवलं. झुडपातून काढलेली नोरीन मोडलेला हात गळ्यात बांधून शेजारी बसली.

गावातून जाताना दुकानदार टोप्या काढून उभे राहिले.

"अरे, त्यांना सांगा कुणीतरी, मी जिवंत आहे!"

नोरीनने गळ्यातली झोळी सावरली. मग म्हणाली, "डेस नेहमी म्हणायचा, टायर बदलल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. मला वाटलं, तू बदललेस."

क्लाइव्हने डोळे मिटून घेतले. काचेबाहेरच्यांना तेच रीतसर वाटलं असावं.