वडनेरचे मानद प्रेक्षक

वडनेरला कार्निव्हल होणार, हे वरून ठरलं. कार्निव्हल म्हणजे काय, हे खाली कोणालाच ठाऊक नव्हतं. पण वरून ठरलेल्या गोष्टीत ही अडचण धरली जात नाही. गावाने रस्त्यावर येऊन सामूहिक आनंद व्यक्त करावा आणि त्यात ग्रामस्थांचा सहभाग शंभर टक्के असावा, असा आदेश होता. तो घेऊन ग्रामसेवक अनुप बंडूजींच्या अंगणात आला, तेव्हा बंडूजी बाजारासाठी वांगी पोत्यात भरत होते.

"काकाजी, तुमाले सोंग घेऊन मिरवणुकीत नाचा लागते," अनुप म्हणाला.

"काऊन? कोनाचं लगन हाये?"

"कोनाचंच नाई. आनंद हाये."

"कायचा?"

"थे आदेशात नाई."

बंडूजींनी वांगी बाजूला ठेवली. त्यांनी साठी ओलांडली होती आणि आजवर गावातल्या प्रत्येक वरातीत त्यांच्या वाट्याला मागून जनरेटरचा ठेला ढकलणं आलं होतं. एकदा तरी पुढे चालावं, असं त्यांना फार दिवसांपासून वाटत होतं. ते कोणाला सांगायची मात्र सोय नव्हती. आता आदेशच आला म्हटल्यावर लाज बाळगायचं कारण उरलं नाही. आपण भरताचं वांगं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं.

बायकोने, सुलोचनाबाईंनी, जांभळ्या साटीनचा झगा शिवला आणि त्यात कापूस ठासून भरला. धर्मेंद्र वेल्डरने आतून लोखंडी सळ्यांचा सांगाडा जोडून दिला. डोक्यावर हिरवा देठ आला. वांगं इतकं झकास जमलं की बंडूजी घराच्या दारातून बाहेर पडेनात. तेव्हा कपडे अंगणात बदलायचं ठरलं. सुलोचनाबाईंनी स्वतःसाठी मिरचीचा वेश शिवला. वांग्यासोबत मिरची हवीच, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

रंगीत तालमीला गाव लोटलं. कोणी मोर होतं, दोघं मिळून ट्रॅक्टर होते, आणि कापड दुकानदार भैयाजी महाराजा झाले होते. ते आयोजन समितीचे अध्यक्ष असल्यामुळे दुसरं काही होणं शक्य नव्हतं. बस स्टँडपासून निघालेली मिरवणूक चौकात आली आणि भैयाजींचा हलता हात हवेतच थांबला.

"पाहाले तं कोनीच नाई," ते म्हणाले. "मंग मी हात हालवून राह्यलो कोनाले?"

सहभाग शंभर टक्के असल्याने प्रेक्षक शून्य टक्के होते. रस्त्याच्या कडेला दोन शेळ्या होत्या, त्याही मिरवणुकीतल्या मेंढपाळाच्या निघाल्या. जिल्ह्याचे साहेब पाहायला येणार होते आणि टाळ्या वाजवणाऱ्या जनतेचे फोटो वर पाठवायचे होते. त्यामुळे प्रेक्षक उपसमिती नेमली गेली.

सुरुवातीला प्रेक्षक व्हायला कोणी तयार होईना. शिवून घेतलेला मोर घरी ठेवून उन्हात उभं कोण राहील? तेव्हा उपसमितीने प्रेक्षकांना खुर्ची, मंडप, गार ताक आणि छातीवर लावायला 'मानद प्रेक्षक' असा बिल्ला मंजूर केला. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर रांग लागली. आधी गुडघे दुखणाऱ्यांनी अर्ज केले, मग ज्यांचे पुढे-मागे दुखू शकतील त्यांनी. लेझीम पथकाने लेझिमा परत केल्या. ट्रॅक्टरची दोन्ही चाकं वेगवेगळ्या रांगांत बसली. भैयाजींनी महाराजाचं पद सोडून 'प्रमुख प्रेक्षक' हे पद स्वीकारलं. त्याला सोफा होता. उरलेले दिवस गावाने टाळ्यांचा सराव केला.

शेजारची सरिता सुलोचनाबाईंकडे आली. "काकू, तुमच्यासाठी पुढच्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवला. मिरची होऊन काय करता आता?"

सुलोचनाबाईंचे गुडघे खरोखर दुखत होते. त्यांनी अंगणात पाहिलं. वांगं तुळशीभोवती गिरकी घ्यायला शिकत होतं.

"नाई बापा," त्या म्हणाल्या. "थे एकटेच गेले तं हरवल्यावानी दिसतीन."

कार्निव्हलच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शिस्तीत बसलेलं अख्खं गाव होतं आणि मधून एक वांगं व एक मिरची चालत होती. अनुप घाबरला, पण त्याने वर विचारून घेतलं होतं. पाहणं हाही सहभागच समजावा, असं उत्तर आलं होतं. म्हणजे शंभर टक्के झालंच.

देठ डोळ्यांवर उतरल्यामुळे बंडूजींना यातलं काही दिसत नव्हतं. आपण पुढे आहोत, एवढं त्यांना कळत होतं. ते नाचले. मन भरून नाचले. सुलोचनाबाईही दुखरे गुडघे विसरल्या. चौकातल्या गतिरोधकाला मात्र बंडूजींचा पाय अडला आणि वांगं उताणं पडून डुलू लागलं.

गावाने ठरल्याप्रमाणे टाळ्या वाजवल्या.

"अरे, उचला न कोनी," सुलोचनाबाई म्हणाल्या.

पुढच्या रांगेतला ताराचंद किराणावाला उठणार होता, पण खुर्ची न मिळाल्याने मागे उभ्या असलेल्याने, ती रिकामी होताच बसायला, तिच्या पाठीवर आधीच हात ठेवला होता. बाकीच्यांच्या हातात मोबाइल होते. "काकू, जरा इकडे वळवा," एक जण म्हणाला, "देठ नाई येऊन राह्यला." शेवटी सुलोचनाबाईंनी नवऱ्याला एकटीने लोटत लोटत मंचापर्यंत नेलं. हा प्रयोग साहेबांना फारच आवडला. पहिलं बक्षीस वांग्याला मिळालं.

अडचण नंतर आली. पडल्यामुळे गळ्याशी सांगाडा वाकला होता आणि बंडूजी बाहेर निघेनात. धर्मेंद्र कटर घेऊन आला, तेव्हा अनुप आडवा आला.

"कापता नाई येत. बक्षीसपात्र कलाकृती जिल्ह्याच्या प्रदर्शनात जशीच्या तशी पाठवाची हाये."

"अन् आतला मानूस?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"त्याच्याबद्दल काई लिहलं नाई. वर विचारलं हाये."

बंडूजी सध्या अंगणात कापसाच्या ढिगाला टेकून असतात. सुलोचनाबाई त्यांना चमच्याने वरण-भात भरवतात. व्हिडिओ मात्र सगळीकडे गेला. त्याखाली शेकडो लोकांनी लिहिलं की, माणुसकी उरली नाही, एक जणही उचलायला उठला नाही. सुलोचनाबाईंनी ते सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं.

"लोकं चांगले हायेत हो," त्या म्हणाल्या. "सगळ्यायले आपलं वाईट वाटून राह्यलं."

"त्याइले म्हना, वाईट वाटत असंन तं या," वांग्यातून आवाज आला. "दोघं जन जोरानं ओढतीन तं निंगतो मी."

त्यांनी तसं लिहिलं. त्यावर पुष्कळ अंगठे आले. माणूस अजून आलेला नाही. हे वाचून आपणही हळहळला असाल. आपली नोंद घेतली आहे. बिल्ला पोस्टाने येईल.