खंडूनाना लोणारच्या खड्ड्यात उतरतात

खंडूनाना आमच्या घरी आले की आधी उंबऱ्यात थांबून उजव्या टाचेनं फरशी ठोकायचे. आवाज भरीव आला तर आत पाऊल. जरा पोकळ वाटला की तिथूनच म्हणणार, "भाऊ, तुमीच भायेर या. भरवसा नाय."

आम्ही औरंगाबादच्या छावणीत शेजारी-शेजारी राहायचो आणि कचेरीतही आमची टेबलं एकमेकांना लागून. गडी मूळचा देवगाव रंगारीचा, शेतकऱ्याच्या घरातला, अंगानं बैलासारखा दणकट. पण भित्रा, म्हणजे किती भित्रा! शहराच्या पोटातून पाण्याच्या जुन्या नहरी गेल्यात हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. तेव्हापासून सगळं औरंगाबाद त्यांच्या लेखी पापडावर उभं होतं. पाणचक्कीला सगळं गाव हौदाखालच्या गार दालनात जाऊन बसतं, नाना मात्र बाहेर उन्हात उभे. "डोक्यावर हौद घेऊन कोन बसतं वो?" सिनेमाला गेलो तर बाल्कनीच्या खाली बसायचं नाही. बाल्कनीत तर नाहीच नाही.

मी एकदा चिडून म्हणालो, "अहो नाना, फरशी आहे ती. पडायला काय झालंय तिला?"

"भाऊ," नाना शांतपणे म्हणाले, "पोलीस ॲक्शनच्या टायमाला निजामाची येवढी मोठी सल्तनत चार दिसांत गेली. तुमच्या फरशीचं काय घिऊन बसला!"



अशा माणसाला लोणारच्या खड्ड्यात उतरवायचं होतं. गयावहिनींनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, तसा नवसच करून ठेवला होता. नाना विषमज्वरानं अंथरुणाला खिळले, डॉक्टरांनीही मान हलवली, तेव्हा वहिनींनी लोणारच्या कमळजादेवीला साकडं घातलं. 'ह्यांना उठव, जोडीनं येऊन तुझी ओटी भरीन.' नाना उठले. नवस मात्र तसाच राहिला, कारण देवीचं देऊळ खाली तळ्याच्या काठाला, आणि तळं त्या अवाढव्य खड्ड्याच्या तळाशी. विहिरीच्या काठालाही न फिरकणारा माणूस तिथं कशाला जातोय? मग त्या वर्षी नानांना संध्याकाळचा बारीक ताप यायला लागला. वहिनी आमच्या हिच्यापाशी येऊन रडल्या. "देवी आठवन करून देतीया वो. दिलेलं मानूस माघारी न्यायची ती." वहिनींचा जीव भीतीनं नुसता टांगणीला लागला होता.

आमच्या आळीतल्या भूगोलाच्या मास्तरांनी लोणारची एक दिवसाची सहल काढली, तेव्हा वहिनींनी न विचारताच दोघांची नावं घातली. नाना तयार झाले, पण एका अटीवर. "तू खाली जाऊन वटी भर. म्या वरून हात जोडतो. देवीला काय वरचं दिसत नाय व्हय?"

बस अंधारातच निघाली. जालन्याच्या पुढं मास्तर उभे राहिले आणि दांड्याला धरून माहिती सांगू लागले. त्या काळी मास्तर लोक लोणारला ज्वालामुखीचं तोंड म्हणायचे. आता म्हणे आकाशातून दगड पडला होता. ते असो.

"हा झोपलेला ज्वालामुखी आहे," मास्तर म्हणाले.

नाना ताडकन उठले, टपावर डोकं आपटलं आणि खाली बसले. "झोपलाय म्हंजे? मेला नाय?"

"झोपलाय हो. लाखभर वर्षं झाली."

"मंग झोप व्हत आली आसंल की त्याची!"

सगळी बस हसली. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत त्या मांडीवरची ओटीची पिशवी गच्च धरून बसल्या होत्या.

लोणारला एक वाटाड्या ठरवला होता. त्यानं सांगितलं की हे लवणासुराचं बीळ, देवानं वरचं झाकण उडवून त्याला खाली मारलं. नानांनी माझ्या कानात हिशेब मांडला, "खाली राक्षस, त्येच्या खाली जाळ. आन ही बाई वटी घिऊन निघाली."

खरं सांगतो, काठावर आल्यावर मीही दोन पावलं मागं सरलो. एवढं मोठं खोल ताट, कडेनं झाडी, आणि तळाशी हिरवंगार पाणी. त्यावर एक लाट नाही. सडक्या अंड्यासारखा वास वर येत होता आणि झाडीत मोर असा ओरडला की वाटलं, कुणी माणूसच ओरडतंय.

मंडळी उतरू लागली. वाटाड्या पुढं, मास्तर मागं, मधे बायका, त्यांत आमची हीही. मीही निघालो, तर नानांनी माझं मनगट पकडलं. "भाऊ, मला येकट्याला सोडू नगा." मी त्यांच्या शेजारी बसलो.

वहिनी दहा-वीस पावलं गेल्या असतील, तोच नानांनी हाळी दिली, "हाय काऽ?"

खालून वहिनी, "हाऽय!"

थोड्या वेळानं पुन्हा, "हाय काऽ?" "हाऽय!" बसमधली पोरंटोरं हसू लागली. नाना मला म्हणाले, "हसू द्या. आमच्याकडं हिरीत कुनी उतरलं ना भाऊ, की काठावर येकानं बसायचं. हालायचं नाय, पान्याचा घोट घ्यायचा नाय. घडीघडी हाळी द्यायची, आन खालच्यानं ओ दिलीच पायजे. तसा रिवाजच हाय."

हळूहळू वहिनींचा आवाज बारीक होत गेला. नीट ऐकू येईना म्हणून नाना चार पायऱ्या उतरले. "निस्तं आयकायला," मला म्हणाले. मग आणखी चार. मग पायऱ्या संपून पायवाट लागली, तर तिच्यावर बसूनच सरकू लागले. एक हात माझ्या मनगटाला, दुसरा दिसेल त्या झुडपाला. धोतराचं मागचं पार वाटोळं. मी पोट धरून हसत होतो. आपण किती खाली आलोय हे नानांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"हाय काऽ?"

उत्तर आलं नाही.

"हाय काऽऽ?"

मोर ओरडला. मग काहीच नाही.

मी नानांकडं पाहिलं आणि हसायचा थांबलो. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, ओठ हलत होते. त्यांनी माझं मनगट सोडलं, उभे राहिले आणि पळत सुटले. त्या घसरड्या उतारावरून, काट्याकुट्यातून, पायातली एक वहाण मागं टाकून, "हाय का गं, हाय का गं" ओरडत. मी मागून ओरडतोय, नाना, अहो पडाल! कोण ऐकतंय?

मी धापा टाकत देवळाशी पोचलो. बघतो तर वहिनी धडधाकट. पायरीवर बसलेल्या, ओटी मांडीवर, समोर नाना उभे. शेजारी आमची ही पदर तोंडाला लावून हसतेय. दोघींनी ठरवूनच ओ दिली नव्हती. मास्तरांनी खुणेनं मला सांगितलं, चूप.

"आले का नाय?" वहिनी हसून म्हणाल्या. "देवीम्होरं जोडीनं आनलं का नाय?"

 नाना वहिनींपुढं खाली बसले आणि त्यांचे हात चाचपू लागले. मग दंड, मग खांदे, मग डोकं. आंधळा माणूस चाचपतो तसं. वहिनींचं हसू गेलं.

"अवो, आसं काय करताय? मी चांगली हाय."

"भिकानं बी आशीच ओ द्यायची बंद केली," नाना म्हणाले.

"कोन भिका? धाकलं भावजी? ते तर तापानं गेलं ना?"

नानांनी मान हलवली. "हिरीत गेला. आपल्या मळ्यातल्या. त्यो खाली खांदत व्हता आन म्या काठावर. येक बाजू ढासळली. दिस मावळंपत्तुर हाळी देत व्हतो म्या. लोकं वढून न्यायला लागली, म्हनलं, थांबा, ओ देतोय त्यो, बारीक देतोय." त्यांनी वहिनींचं मनगट धरलं. "हिरीनं मानूस घेतलेल्या घरात पोरगी कोन देतंय? म्हनून आईनं ताप सांगितला. परत त्येचं नाव काढू दिलं नाय."

एवढी वर्षं मी त्यांच्या टेबलाला टेबल लावून बसलो. त्यांच्या भित्रेपणाच्या नकला करून कचेरी हसवली. माझी मान खाली गेली. आमची ही तर हुंदके देऊन रडत होती.

वहिनींनी नानांचं डोकं छातीशी धरलं. चारचौघांत, मास्तरांसमोर, त्या काळात. "चुकलं माझं, लई चुकलं," एवढंच त्या म्हणत राहिल्या. "मला म्हाईत नव्हतं वो."

मग उठून दोघांनी ओटी भरली. नानांचा हात वहिनींच्या हाताला लावलेला. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. नवस फिटला. ताप उतरला का, ते देवीला ठाऊक. मी विचारलं नाही.

चढणीला ते दोघं पुढं आणि मी मागं.  मग वहिनींनी हळूच विचारलं, "कसं व्हतं वो भिकाभावजी?"

नाना थांबले. मला वाटलं, आता पुन्हा कोसळतात. पण ते म्हणाले, "जलमला तवा लई रडायचा. आई रानात जायची, मंग मीच पाठीवर बांदायचो त्येला."

"आन मंग?"

आणि नाना सांगू लागले. रांगताना गोठ्यात शिरून वासराचा कान चावलेला भिका, माती खाणारा भिका, नानांशिवाय कुणाच्याच हातानं न जेवणारा भिका. वहिनी "आन मंग, आन मंग" करत होत्या. वर आलो तेव्हा मास्तर गमतीनं म्हणाले, "काय नाना, उठला का ज्वालामुखी?" नानांना ऐकूच गेलं नाही.

बसमध्ये मी त्यांच्या मागच्याच बाकावर होतो. भिका गेला तेव्हा मिसरूड फुटलेला, लग्न ठरलेला गडी होता, असं पुढं वहिनींकडून कळलं. पण त्या दिवशी नानांना कसलीच घाई नव्हती. बस जालन्याला चहाला थांबली तरी ते सांगतच होते, आणि त्यांच्या सांगण्यातला भिका अजून शाळेतसुद्धा गेला नव्हता.