टेकडीवरचं तळं

मोदुगुपल्लीला तळं नव्हतं, म्हणून शासनाने ते मंजूर केलं. गावाच्या खालच्या अंगाला खोलगट जागा होती. पावसाचं पाणी आपसूक तिथे उतरे. खोदाई तिथेच सुरू झाली. मजुरांची हजेरी मात्र मोबाइलवर, फोटोसकट लागायची होती, आणि खोलगटात रेंज नव्हती.

मुकादम सांबशिवुडू फोन उंच धरून रानभर हिंडला, चिंचेवर चढला. अखेर रेंज सापडली ती गावामागच्या टेकडीच्या माथ्यावर. मग मजुरीवरच्या बाया रोज सकाळी टेकडी चढत, फोटो काढून घेत आणि खाली येऊन खणत. थोड्याच दिवसांत फोनवर शेरा आला : हजेरीचं ठिकाण व कामाचं ठिकाण जुळत नाही. गैरप्रकाराचा संशय.

मंडल अधिकारी प्रभाकर राव जातीने आले. सज्जन माणूस.

"दोन्ही ठिकाणं जुळली पाहिजेत," ते म्हणाले.

"म्हणजे रेंज खाली आणणार, सार?" खणणाऱ्या बायांतल्या बालमणीने कुदळ टेकवत विचारलं.

"रेंज आमच्या खात्यात येत नाही, अम्मा. तळं येतं."

"अहो, पण पाणी कधी टेकडी चढतं का?"

"मंजुरी तळ्याची आहे. पाण्याचा उल्लेख नाही."

खालचा खड्डा 'अनधिकृत उत्खनन' ठरून बुजवला गेला. उन्हाळाभर बायांनी माथ्यावरचा खडक फोडला. हजेरी आता चोख लागत होती. पाऊस आला, टेकडीवरून वाहून गेला. तळ्यात चिखलसुद्धा राहिला नाही.

काम पूर्ण झाल्याचा फोटो तेवढा काढायचा उरला होता. त्यात पाणी दिसल्याशिवाय फोन तो स्वीकारीना. तेव्हा गावातल्या एकुलत्या एक बोअरचं पाणी घागरी-घागरींनी वर चढवण्यात आलं. बालमणीच्या घरी त्या दिवशी भात शिजला नाही. सासू कोरड्या घशानं झोपली.

फोटो मात्र सुरेख आला. ओळीने टेकडी चढणाऱ्या बाया, डोक्यावर घागरी, मागे तांबडं आभाळ. खात्याने खाली लिहिलं, 'जलसमृद्ध गाव', आणि फोटो देशभर फिरला.

सांबशिवुडू फोन घेऊन धावत आला. "अक्का, बघ, हजारो लोकांनी अंगठा दाखवलाय!"

"दाखवणारच," बालमणी म्हणाली. "आम्हाला आणखी काय दाखवणार?"

त्यांतला एक अंगठा आपला होता, वाचकहो. आठवत नसेल तुम्हाला; पुढचा फोटो यायच्या आत दाखवला होतात.