हरकूबायचं माप

माझी आणि हरकूबायची ओळख झाली, ती तिनं माझी तंगडी मापली तेव्हा.

बदली होऊन रेवसजवळच्या त्या कोळीवाड्यातल्या शाळेत मी रुजू झालो, त्याच दिवशीची गोष्ट. मुलं पाढे ओरडत होती, मी खुर्चीवर बसून हजेरी घेत होतो. डोक्यावरची मासळीची पाटी दारात उतरवून एक धिप्पाड बाई सरळ वर्गात शिरली, माझ्यासमोर उकिडवी बसली, कमरेला खोचलेली जाळ्याच्या सुताची दोरी काढली आणि माझ्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत लावून पाहू लागली. मी पाय आखडता घेतला, तर तिनं तो धरून पुन्हा जागेवर ठेवला.

"गपचीप बसा, मास्तर. तुमचं काय जातंय?"

मग ती दोरी तिनं माझ्या या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत धरली आणि तोंड वाकडं केलं.

"न्हाय. तुमच्यात काय न्हाय."

एवढं बोलून पाटी उचलून ती चालती झाली. पोरं पोट धरधरून हसली. ज्या मास्तरात काही नाही असा दाखला पहिल्याच दिवशी मिळतो, त्याला पोरांनी पुढं किती जुमानलं असेल ते सांगायला नको.

मला आधी वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. संध्याकाळी कळलं की तिला खुर्ची करून घ्यायची आहे. हे ऐकून तर माझी खात्रीच झाली.

खुर्ची हवी होती तिच्या नवऱ्यासाठी, पोशा तांडेलासाठी. हा पोशा म्हणजे किनाऱ्यावरचा नावाजलेला तांडेल, होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या. आभाळाकडं नुसतं बघून वारा कधी फिरणार ते सांगायचा, म्हणे. दोन वर्षांपूर्वी शीड सोडवताना डोलकाठीवरून खाली आला आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून तो ओटीवर चटईवर आडवा असायचा. सुरुवातीला होड्या लोटण्याआधी लोक त्याला विचारायला यायचे. मग येईनासे झाले. त्यांचंही फार चुकलं असं मी म्हणणार नाही. आडव्या माणसाशी उभ्यानं बोलणं कानकोंडं वाटतं, आणि भरतीच्या वेळी बसून बोलायला सवड कुणाला असते? तांडेलाला ओटीवरून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. पायांवरून तो माणसं ओळखायचा, आणि ते पाय थांबत नाहीत हेही त्याला दिसायचं.

हरकूबायनं मनाशी पक्कं केलं, तांडेल बसता झाला पाहिजे. नारळी पुनवेला होड्या पाण्यात लोटतील तेव्हा तो ओटीवर ताठ बसलेला असला पाहिजे, आणि लोकांनी त्याच्यासमोर येऊन बोललं पाहिजे.

"ठरलं म्हंजे ठरलं," ती म्हणायची. हे तिचं पालुपद होतं. कोळंबीचा भाव करताना, भांडण मिटवताना, पाऊस पडेल की नाही हे सांगतानासुद्धा. पाऊससुद्धा तिला बहुधा वचकून असावा.

आधी तिनं माझी, म्हणजे शाळेची, खुर्ची उसनी नेली. दोघातिघांनी तांडेलाला उचलून तीत बसवला, आणि तो कडेला असा काही कलला की हरकूबायनं वेळेवर धरला नसता तर पुन्हा हाड मोडलं असतं. अर्ध्या तासात खुर्ची माझ्या दारात परत.

"ही मास्तरची खुर्ची हाय, मास्तर. मानसाची न्हाय."

तर खुर्ची अंगाबरहुकूम करून घ्यायची असं ठरलं. दोन्ही बाजूंना उंच भिंती, पाठीला टेका, पायांना फळी. गावात सुतार म्हणजे दगडू मिस्त्री, तो होड्या बांधणारा. जन्मात त्यानं खुर्ची केली नव्हती. तो म्हणाला, "करीन, पन माप पायजे. होडीचं माप मी डोक्यात ठेवलंय. मानसाचं न्हाय."

आणि इथंच घोडं अडलं. आडव्या माणसाच्या अंगाला दोरी लावायची नाही, असं त्या वाड्यात मानत. तशी दोरी एकदाच लावतात, तिरडी बांधताना. हरकूबाय सगळ्यांना सांगायची, "आमचा तांडेल ऐकत न्हाय. म्हनतो, मी जिता हाय, माज्या अंगाला दोरी लावाची न्हाय." लोक मान हलवत. त्यात त्यांना वावगं काही वाटत नसे.

मग बाईनं तोड काढली. तांडेलाच्या अंगाबांध्याचा दुसरा माणूस शोधायचा आणि त्याचं माप मिस्त्रीला द्यायचं. माझी तंगडी मापण्यामागचं रहस्य ते हे.

आता विचार करा, पन्नाशीची बाई, डोक्यावर पाटी, कमरेला दोरी, आणि दिसेल त्या दणकट पुरुषाच्या खांद्यावर हात ठेवते! रेवसच्या धक्क्यावर लाँचच्या खलाशाला तिनं शिडीवरच अडवून धरला. मागं मुंबईला जाणारी माणसं खोळंबून शिव्या देतायत आणि ही त्याच्या मांडीची लांबी घेतेय. धरमतरकडच्या मिठागरावरचा मुकादम तर घाबरून म्हणाला, "बाई, माझं लग्न झालंय." ती म्हणाली, "मंग गुडघा तिच्यापाशी घरी ठेवून आलास काय?" अलिबागच्या बाजारात एका हवालदाराची कंबर तिला पसंत पडली, पण खांदे पडले नाहीत, आणि हे तिनं त्याला भर बाजारात सुनावलं. पुढं पुढं तर दोरी लावायच्या आधी ती फक्त तळहात ठेवून बघायची. हात ठेवला की तिला कळायचं. जमलं की दोरीला गाठ.

सगळ्यावर कडी झाली मामलेदारसाहेबांच्या भेटीत. साहेब गावात फिरतीवर आले होते. शाळेच्या अंगणात मी माझी ती प्रसिद्ध खुर्ची मांडली होती. तलाठी कागद पुढं करत होता, लोक अर्ज घेऊन उभे होते. गर्दीतून हरकूबाय पुढं आली.

"सायब, जरा ताठ बसा."

साहेब ताठ बसले. हिनं मागं जाऊन पाठीवर तळहात ठेवला. तलाठ्याच्या हातातले कागद पडले.

"अगं बाई, साहेब आहेत ते!"

"मंग? सायबाला पाठ नसते?"

साहेबांनी विचारलं, हे कशासाठी. तिनं दोन वाक्यांत सांगितलं.  साहेब उठले, कोट काढला, तलाठ्याच्या हातात दिला आणि पुन्हा बसले. "कोटावरून माप चुकेल," म्हणाले. सरकारी माणसाबद्दल माझं मत तेव्हापासून जरा बरं आहे.

अशी मामलेदाराची पाठ, मुकादमाचा गुडघा, हवालदाराची कंबर आणि खलाशाची मांडी, असा कुलाबा जिल्ह्यातून तुकडे गोळा करून तिनं आपला तांडेल जमवला. दोरीला गाठी पुऱ्या झाल्या. दगडू मिस्त्रीला बोलावणं गेलं, सागाच्या फळ्या ठरल्या, आणि काम सांगायच्या दिवशी चार शहाणपणाच्या गोष्टी बोलायला मलाही बोलावलं.

आम्ही ओटीवर बसलो. मिस्त्रीनं दोरी घेतली, गाठी जमिनीवर पसरून पाहिल्या. मग चटईवरच्या तांडेलाकडं पाहिलं. पुन्हा दोरीकडं पाहिलं.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "या खुर्चीत असं दोन तांडेल बसतील."

मीही तेव्हाच नीट पाहिलं. गोधडीखाली माणूस आहे की नाही, असं वाटावं इतका तो उतरला होता. गळ्याची हाडं दिसत होती. मनगटातलं तांब्याचं कडं कोपरापर्यंत सरकत होतं. मला वाटलं, आता शिकलेल्या माणसानं बोललं पाहिजे. मी म्हणालो, "तांडेल, मनात शंका धरू नका. एकदा तुमचंच माप घेऊ द्या. त्यानं कुणाचं आयुष्य कमी होत नाही."

तांडेलानं माझ्याकडं नवल वाटल्यासारखं पाहिलं.

"मी कवा नको म्हटलं, मास्तर? मी तर रोज म्हनतोय, घे म्हनून. तीच दोरी लावू देत न्हाय."

आम्ही सगळे हरकूबायकडं बघू लागलो. ती खाली मान घालून दोरीचं टोक बोटाला गुंडाळत होती. 

मला फार वाईट वाटलं. रोज सकाळी ती त्याला आंघोळ घालत होती. तो किती उरलाय हे तिच्या हातांना आमच्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. फक्त ते दोरीवर यायला नको होतं, मिस्त्रीनं मोठ्यानं म्हणायला नको होतं, आणि त्याच्या कानावर पडायला तर मुळीच नको होतं. म्हणून एवढी वणवण.

"हा दारातनं वाकून यायाचा," ती शेवटी म्हणाली. "ते माप हाय ह्याचं. दुसरं मी देनार न्हाय. ठरलं म्हंजे ठरलं." पण या वेळी ते ठरल्यासारखं वाटलं नाही. तिनं आमच्याकडं पाहिलंच नाही.

मिस्त्री अवघडला. "पन वैनी, एवढ्या मोठ्या खुर्चीत त्यो हलंल, पडंल..."

"दगडू," तांडेल म्हणाला. आवाज बारीक होता, पण होडीवर हाकारायची सवय त्यात अजून होती. "ती सांगते तशीच कर. बोटभर कमी करू नको."

"अरे, पन..."

"मी भरीन ती खुर्ची."

हरकूबाय झटक्यात उठली. "भरीन म्हनं! सकालचा भात तसाच हाय ताटात, मासलीला हात लावला न्हाय, आन् म्हनं भरीन!" ती ओरडली. ओरडता ओरडता आवाज चिरकला, म्हणून तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि पदर वर नेला.

तांडेलानं कोपरावर भार देऊन अंग थोडं उचललं आणि हात पुढं केला.

"आन हिकडं," तो म्हणाला. "खातो."