तारीख यायची आहे

होळीला मी राळेगावला माहेरी निघाले होते, म्हणून शेजारच्या चिंचोळकरांना पुरणपोळी आदल्या दिवशीच दिली. त्यांनी ती झाकून ठेवली आणि होळीच्या दिवशी शिळी खाल्ली. "तारीख यायची होती, वहिनी," म्हणाले.

ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. चिंचोळकर वणीच्या एका बँकेत चेक पास करायला बसत. पुढची तारीख घातलेला चेक आला, की आणणारा कितीही मोठा असो, चेक परत. एकदा कापसाचे अडते शनिवारचा चेक गुरुवारीच घेऊन आले. मी तिथंच उभी होते.

"सही खरी, खात्यात पैसे हायेत. मंग अडलं काहून?"

"तारीख यायची आहे, शेठ. आज तुमाले पैसे देल्ले, आन् उद्या चेकवाल्यानं 'देऊ नका' म्हून लिहून देल्लं तं? त्याचे पैसे बँकेले भरून द्या लागते. साहेब मलेच पकडतीन."

"दोन दिवसांत काय होते?"

"काहीबी होते."

"यम आला तं त्यालेबी तारीख विचारान तुमी!"

"विचारीन न," चिंचोळकर शांतपणे म्हणाले आणि पुढचा चेक घेतला.

घरीही तेच. नवं कॅलेंडर एक जानेवारीपर्यंत गुंडाळलेलं असे.

त्यांची बायको सिंधू नागपूरला क्षयाच्या इस्पितळात होती. वर्ष होऊन गेलं होतं. डॉक्टरांनी घरी सोडायची तारीख कळवली, तेव्हा मी म्हटलं, "चला, घर झाडून घेऊ. डाळ-तांदूळ भरून ठेवू."

"तारीख यायची आहे."

मी नाद सोडला. दोन दिवसांनी ते स्वतःच एक पुडकं घेऊन आले. आत हिरवं नागपुरी पातळ आणि पोलक्याचं कापड.

"तुमच्याकडे जमा ठेवा, वहिनी. तारखेले मागतो."

"तुमच्या घरात कपाट नाही का?"

"घरात दिसत राह्यते." ते चपलेकडे बघत उभे राहिले. "मागं एकदा तारीख देल्ली होती, तवा म्या घर रंगवलं. तिले पुन्हा ताप आला. रंग वाळून गेला, सिंधू आली नाही."

मी म्हटलं, "बरं. पोलकं शिवून ठेवते."

"तारखेआधी नको. जोखीम राह्यते."

गल्लीतल्या साऱ्या बायकांची मापं माझ्याकडे होती. सिंधूच्या जुन्या मापानं मी चिंचोळकरांना न सांगता पोलकं शिवलं.

सिंधू यायच्या दिवशी नागपूरची एस.टी. दुपारी चारला येणार होती. चिंचोळकर सकाळी सहालाच माझ्या दारात.

"बँक दहाला उघडते ना?" मी विचारलं.

"तारीख तं लागली न!" म्हणाले, आणि पुडकं छातीशी धरून निघालेसुद्धा.

सिंधू उतरली ती भरल्या गालांनी. विश्रांती, दूध, अंडी अंगी लागली होती. घरी येताच ती पातळ-पोलकं घेऊन आत गेली. थोड्या वेळानं आतून हाक आली, "अहो वहिनी, हे मले होऊन नाही राह्यलं! बाही दंडातच अडकली!"

ओसरीवर चिंचोळकर ताडकन उठले. "म्हटलं होतं न, वहिनी? तारखेआधी नको म्हून! आता भरा नुकसान!" आणि तो माणूस असा हसत सुटला, की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

मी कात्री मागवली आणि तिथंच उसवायला बसले. तसं फारसं अवघड नव्हतं. शिवतानाच मी आतून कापड जरा जास्त सोडून ठेवलं होतं.