मशीनवर फुटलेला नारळ

एका जंगलात, बाळांनो, कोकम सरबताचा कारखाना होता. मालक होते अस्वलशेठ. कारखान्यात दोन मशीनं होती. एक बाटल्या भरायचं, दुसरं झाकणं लावायचं.

झाकणांचं मशीन माकडाकडे होतं. ते सारखं बंद पडायचं. मग माकड मशीनवर चढायचं, खाली शिरायचं, ओरडायचं, "पान्हा आणा रे! लांब व्हा सगळे!"

संध्याकाळी मशीन सुरू झालं की शेठ आनंदाने मशीनवरच नारळ फोडायचे. माकडाला शाल, सगळ्यांना पेढे. नारळाचं पाणी बेअरिंगमध्ये झिरपायचं. आठवड्यात मशीन पुन्हा बंद. पुन्हा पेढे.

बाटल्यांचं मशीन मुंगसाकडे होतं. मुंगूस सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं. तेल घालायचं, सैल नट आवळायचं. मशीन कधी बंद पडलं नाही. त्यामुळे त्याच्यावर नारळही फुटला नाही.

एकदा शेठनी विचारलं, "मुंगसा, तू दिवसभर करतोस काय?"

"मशीन चालू ठेवतो, शेठ."

"ते आपोआप चालतं. मी रोज बघतो ना! महिना संपला की दुसरीकडे काम बघ."

मुंगूस रडवेलं होऊन घरी आलं. मुंगूसबाई म्हणाल्या, "पदरात तीन पोरं! मशीनला घातलंत तेवढं तेल डोक्याला घातलं असतंत, तर डोकं तरी चाललं असतं!"

दुसऱ्या दिवशी मुंगसाने तेल घातलं नाही. एक नट मुद्दाम सैल सोडला.

दुपारी शेठ पाहुण्यांना कारखाना दाखवत होते. सरबताची नळी निसटली. शेठ डोक्यापासून नखांपर्यंत लाल!

"लांब व्हा सगळे!" मुंगूस ओरडलं आणि मशीनखाली शिरलं. नट लगेच आवळून झाला. मग तिथेच त्याने छान झोप काढली. संध्याकाळी अंगाला मशीनचं काळं तेल फासून बाहेर आलं.

शेठचे डोळे भरून आले. "असा कारागीर आपल्याकडे होता आणि आपल्याला पत्ताच नाही!"

खाड्कन मशीनवर नारळ फुटला. शाल आली. पेढे आले. नोकरी पक्की झाली.

त्यानंतर मुंगसाला नट सैल करावा लागला नाही. आता दोन्ही मशीनं आळीपाळीने बंद असतात. जंगल ओढ्यावर जाऊन पाणी पितं. मुंगसाची पोरं शाली पांघरून झोपतात.

तात्पर्य: बाळांनो, मशीनला वेळेवर तेल घालणाऱ्यावर मशीन फार खूश असतं. पण पगार मशीन देत नाही.