काकडे भाऊजींचा जिना

आमच्या समोरचे काकडे भाऊजी अकरा महिने स्वतःच्या घरात खिडकीतून ये-जा करत होते.

चोरासारखे नव्हे, अगदी रीतसर. सकाळी साडेनऊला खिडकी उघडायची. आधी कापडी पिशवी बाहेर यायची, मग छत्री, मग इस्त्री केलेल्या पँटमधला एक पाय. तो पाय बाहेरचं स्टूल शोधत बराच वेळ हवेत हिंडायचा. स्टूल सापडलं की मागून उरलेले भाऊजी यायचे आणि खाली उतरल्यावर वळून खिडकीला कुलूप लावायचे. त्या खिडकीचे गज वरच्या मजल्याचं काम घेतलेल्या ठेकेदाराने 'नवे बसवून देतो' म्हणून आधीच काढून नेले होते. त्याच्या हातून झालेलं तेवढंच एक उपयोगी काम.

घराला दारं नव्हती असं नाही. चांगली दोन होती. पण पुढच्या दारासमोर सेंट्रिंगच्या फळ्यांची चळत आणि तिला लागून वाळूचा ढीग होता, आणि मागच्या दाराला काँक्रीट कालवायचं मिक्सर मशीन टेकलेलं होतं. ठेकेदार म्हणाला होता, "काका, आजच्या दिवस राहू द्या, सकाळी आठले उचलतो." ती सकाळ काही उजाडली नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे भाऊ वगैरे नव्हेत. समोर राहतात आणि मला 'वैनी' म्हणतात, तेव्हा ते आपोआप भाऊजी झाले. एका शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परिचर होते. परीक्षानळ्या धुवायच्या, बरणीतले बेडूक मोजायचे आणि दिसेल त्या वस्तूला चिठ्ठी चिकटवायची, हे काम. शाळा सुटली, चिठ्ठ्या सुटल्या नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघरात मिठाच्या डब्यावर 'मीठ' आणि खाली बारीक अक्षरात 'खाण्याचे' असं लिहिलेलं आहे. बायको जाऊन आठ वर्षं झाली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन गेली. घरात एकटेच. तरी पंख्याच्या बटणावर 'पंखा' आणि दिव्याच्या बटणावर 'दिवा' लिहिलेलं. कोणासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी गल्लीत जाहीर केलं, "वरतं दोन खोल्या काढतो अन् मेडिकलच्या पोरायले भाड्यानं देतो." आमची गल्ली वर्ध्याहून सावंगीच्या मेडिकल कॉलेजला जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे, तिथे हे सगळेच करतात. पण पाया खणायच्या आधी पाटी लावणारे भाऊजीच. 'खोल्या भाड्याने देणे आहे. फक्त वैद्यकीय विद्यार्थी. गोंगाट, मांसाहार व उशिरा येणे चालणार नाही.' पाटी वाचून दोन मुलं खरोखर आली. भाऊजींनी त्यांना ओट्यावर बसवून अर्धा तास प्रश्न विचारले आणि दोघांनाही नापास करून परत पाठवलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

ठेकेदाराने कॉलम उभे केले, घराच्या बाहेरून वर जाणारा जिना बांधला, पुढच्या कामाचे पैसे घेतले आणि गायब झाला. पहिल्यांदा मजूर धानाच्या कापणीला गावी गेले होते. मग ठेकेदाराच्या साल्याचं लग्न होतं. मग फोन बंद. तेरा पायऱ्यांचा तो जिना वर जाऊन मोकळ्या हवेत संपत होता. कोणीतरी सांगितलं, तो हायवेवरच्या जाम गावाला एका ढाब्याचं काम करून राह्यला. भाऊजी एसटीने जामला गेले. संध्याकाळी परत आले ते खुशीत.

"भेटला का?" मी विचारलं.

"भेटला ना! चहा पाजला, आलूबोंडा खाऊ घातला. उद्या येतो म्हणे. बोलाले लय चांगला माणूस हाय, वैनी!"

मी मुळात तापट बाई. मीच त्यांना धरून एका वकीलबाईंकडे नेलं आणि ग्राहक आयोगात तक्रार लावायला लावली. तिथे वकीलबाईंच्या तोंडून एक वाक्य निघालं आणि आमच्या गल्लीचं स्वास्थ्य गेलं. त्या म्हणाल्या, "आयोगाचा माणूस पाहणी करेपर्यंत जागा आहे तशीच राहू द्या हं, काका."

दुसऱ्या सकाळी समोर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. 'नमुना क्र. १ : वाळू, अंदाजे अर्धा ट्रॅक्टर.' 'नमुना क्र. २ : फळ्या, एकावर एक.' 'नमुना क्र. ७ : ठेकेदाराची चप्पल, डावी.' 'नमुना क्र. ८ : तंबाखूची पुडी, अर्धी.' चिठ्ठीवर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर चिकटपट्टी. वाळूत गल्लीतली पोरं खेळायची, ते बंद. माझ्या नवऱ्याने रस्त्यातलं एक घमेलं पायाने बाजूला सारलं तर भाऊजी खिडकीतून अर्धे बाहेर लोंबकळत ओरडले, "हात नोका लावू! पुरावा हाय तो!"

"हात कुठं लावला, पाय लावला," नवरा म्हणाला.

"मंग पायानंच जागेवर ठेवा!"

आणि पायानेच ते परत जागेवर ठेवावं लागलं.

पाहुणे आले की चहा खिडकीतून मिळायचा. सिलिंडरवाल्याने एकदा खिडकीतून सिलिंडर दिलं, दुसऱ्यांदा हात जोडले. मिक्सरच्या पोटात मांजर व्याली, तर तिसऱ्या दिवशी चिठ्ठी : 'नमुना क्र. १९ : मांजर व चार पिल्ले (नंतर आलेले).' तिला दोन वेळचं दूध सुरू झालं. मी म्हटलं, "भाऊजी, तुमचा रक्तदाब काय, ती खिडकी काय, अन् हे नवं काय काढलं?" तर म्हणाले, "वैनी, पुरावा उपाशी ठेवून चालते का?"

पावसाळ्यात सिमेंटच्या पोत्यांचे दगड झाले आणि वर निघालेल्या सळयांवर दोडक्याचा वेल चढला. कोवळे लुसलुशीत दोडके लागले. भाऊजी रोज खालून बघत आणि हात न लावता परत जात. एक दिवस मला राहवलं नाही, जिन्यावर चढून मी एक तोडला. संध्याकाळी वहीत नोंद : 'नमुना क्र. २३ मधून दोडका, एक नग, समोरच्या वैनी घेऊन गेल्या.' शेजारी माझी सही घेतली. मी भाजी करून वाटीभर त्यांना पाठवली, ती मात्र त्यांनी नोंद न करता खाल्ली.

शेवटी पाहणीला नेमलेले इंजिनीअर आले. चांगले जाडजूड गृहस्थ. त्यांना आत जाऊन भिंतीचा तडा बघायचा होता. भाऊजींनी अदबीने स्टूल पुढे केलं. पुढची दहा मिनिटं मी लिहिणार नाही. एवढंच सांगते, की आतून भाऊजी ओढत होते आणि बाहेरून मी. बाहेर आल्यावर घाम पुसत इंजिनीअर म्हणाले, "काका, हे सगळं उचलून टाकायचं होतं ना. तुमच्या वकिलांनी पहिल्याच महिन्यात फोटो काढलेले आहेत. तेवढे पुरे होते."

भाऊजींनी फळ्यांवरची चिठ्ठी नीट दाबून बसवली. मग म्हणाले, "फोटोत वजन येते का, साहेब?"

अहवाल साहेबांनी स्वच्छ दिला, की काम अर्धवट सोडलं आहे आणि चूक ठेकेदाराची आहे. आम्ही गल्लीत पेढे वाटायच्या बेतात होतो.

तेवढ्यात ठेकेदाराचं लेखी उत्तर आलं. काम सोडलं नाही वगैरे नेहमीचं होतंच, पण खरी मेख शेवटी होती. तक्रारदार भाड्याच्या धंद्यासाठी खोल्या बांधत होते, म्हणून ते कायद्याने ग्राहकच नाहीत, सबब नुकसानभरपाईला पात्र नाहीत. आणि पुरावा म्हणून सोबत भाऊजींच्या पाटीचा रंगीत फोटो! पंचेचाळीस नमुने सांभाळले यांनी, आणि एका पाटीने घात केला.

वकीलबाईंनी आम्हाला बोलावलं. माझी साक्ष असल्यामुळे मीही गेले. त्या म्हणाल्या, "काका, पाहणीत काम अर्धवट दिसलं, ते ठीक. पण तुम्ही भरपाईला पात्र आहात की नाही, हे आता एकाच गोष्टीवर आहे. त्या खोल्या खरंच भाड्यासाठी होत्या का?"

भाऊजी छत्रीची मूठ चोळत बसले. मी म्हटलं, "सांगा ना. दोन पोरं आली तं तुम्ही हाकलून लावली. मंग कोणासाठी होत्या?"

"पोरीसाठी," भाऊजी म्हणाले.

त्यांची सुषमा सावंगीच्या दवाखान्यात नर्स आहे. चार वर्षांपूर्वी तिने तिथल्याच लॅबमधल्या मुलाशी कोर्टात लग्न केलं. मुलगा समुद्रपूरकडचा, गोंड. तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "जातीचं काई नाई, मले इचारलं काऊन नाई?" मला विचाराल तर दोन्हीचं थोडं थोडं होतं. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. ती दोन किलोमीटरवर एका खोलीत राहते आणि भाऊजी भाजी घ्यायला मुद्दाम उलट्या दिशेला जातात.

"जिना बाहेरून कायले घेतला मी?" भाऊजी छत्रीशीच बोलत होते. "तिले माह्या दारासमोरून जायाचं काम नाई. मले नाई पाह्यचं तिले, तं नको पाहू. ती वरच्या वर राहीन. खाली पायाचा आवाज तं येईन ना."

"मग ती पाटी?" वकीलबाईंनी हळूच विचारलं.

"लोकायले काय सांगू, बाई? पोरगी येऊन राह्यली म्हणू? अन् नाई आली तं?"

वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, हेच शपथेवर लिहून देऊ, पण मुलीने त्याला दुजोरा द्यायला हवा. तिला काहीच ठाऊक नसेल तर निदान कागद वाचून, खोल्या राहायला मिळाल्या तर येईन एवढं तिने लिहून द्यावं. भाऊजी ताडकन उठले. "दावा वापस घेऊन टाका. तिले कायले तरास?"

माझं डोकं फिरलं. "अकरा महिने खिडकीतून उड्या मारल्या तेव्हा तरास नाई झाला! आता पोरीपर्यंत चालाले पाय दुखते का?" मी इतक्या मोठ्याने बोलले की बाहेरचे पक्षकार आत डोकावले.

दाव्याचं पुढे काय झालं म्हणाल, तर तारखा सुरू आहेत. निकाल लागायचा तेव्हा लागेल. मला सांगायचं आहे ते त्या गुरुवारच्या दुपारचं. वकीलबाईंनी भाऊजींच्या शपथपत्राचा मसुदा टाइप करून दिला होता. तो घेऊन आम्ही दोघं ऑटोने सावंगीला गेलो. वाटेत भाऊजी तोंडातल्या तोंडात पाठ करत होते, "विषय, कागदावर सही मिळणेबाबत." दोनला सुषमाची ड्युटी सुटली. मी फोन केला होताच. ती कँटीनच्या दारात आली, "बाबा" म्हणाली आणि तिथेच थांबली. पोरगी वाळली होती.

भाऊजींनी विषय पाठ केलेला, तोही विसरले. कागद पुढे केला. "एक काम होतं. वाचून घेजो. घाई नाई."

ती उभ्याउभ्या वाचू लागली. वरच्या मजल्यावरील खोल्या मी भाड्याकरिता नव्हे, तर माझी मुलगी व तिचे पती यांना कायम राहण्याकरिता बांधत होतो, असं त्यात होतं. त्या ओळीवर ती अडकली. टाइप केलेलं 'तिचे पती' निळ्या पेनाने खोडलेलं होतं आणि वर हाताने लिहिलं होतं, 'माझे जावई'.

"हे कोणं खोडलं?"

"मी. वकीलबाईले नातं मालूम नाई, तिचं चुकलं."

सुषमा खुर्चीवर बसली. ती हसत होती की रडत होती ते मला कळेना. तिलाही कळत नसावं. "चार वर्षांत एक फोन नाई केला तुम्ही, बाबा."

"कसा करू? काई काम नोतं ना," भाऊजी म्हणाले. "आता निघालं काम."

तिने पेन मागितलं. कागदाच्या खाली लिहिलं, 'वाचले. आम्ही येऊ.' सही केली. भाऊजींनी कागद डोळ्यांजवळ धरून तपासला. "तारीख टाक," म्हणाले. तिने तारीख टाकली. मग कागदाची घडी घालताना त्यांनी खाली मान घालूनच विचारलं, "अन् जावयाले सुट्टी कधी असते?"

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मी चहा आणते म्हणून उठले आणि कोणी नसलेला काउंटर सोडून, जिथे लांब रांग होती तिथे जाऊन शेवटी उभी राहिले.